पीसी सारखा बंद पडतो? बोर्ड बदलण्याआधी भिंतीपासून सुरुवात करा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणच्या बाजारपेठेत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. २०२१च्या पुरानंतर घेतलेला असेंबल पीसी. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह १०४००, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा साधा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. दोन महिन्यांपासून दिवसातून तीन-चार वेळा पीसी आपोआप रीस्टार्ट होतो. कधी निळी स्क्रीन येते, कधी नुसताच विझतो. दुपारनंतर त्रास जास्त. दोनदा फॉरमॅट मारून झालं, एक रॅम बदलून झाली, आता तंत्रज्ञ म्हणतो बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेला. शेवटी जाता जाता लिहिलं आहे, ‘कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, पण ते पहिल्यापासूनच आहे.’

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची दोन वाक्यं तुम्ही सहज लिहून गेलात. एक झिणझिण्यांचं आणि दुसरं दुपारनंतरचं. बोर्ड दुपारी जास्त आणि सकाळी कमी खराब नसतो. मी कोल्हापुरात बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि माझा अनुभव असा की स्क्रीनवर कुठली एरर आली यापेक्षा पीसी कधी पडतो हे कळलं की अर्धं काम होतं. तेव्हा बोर्डाचे पैसे आत्ता देऊ नका. पण आज रात्री एक गोष्ट आधी करा: ग्राहकांच्या फायली, टेम्प्लेट, फॉण्ट, टॅलीचा डेटा जे काही असेल ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. लिहिता लिहिता वीज जाणारी डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही आणि पुढच्या तपासणीत आपण पीसी मुद्दाम पाडणार आहोत.

आता दुपार. दुपारनंतर तुमच्या दुकानात काय बदलतं? कॉलेज सुटतं, तहसीलची कामं घेऊन माणसं येतात, झेरॉक्स मशीन आणि लेझर प्रिंटर चालू राहतात. या दोन्ही यंत्रांच्या पोटात कागदावर टोनर भाजणारा रोलर असतो. तो तापताना काही सेकंद सात-आठशे वॅट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढतो, मग थांबतो, मग पुन्हा ओढतो. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देणारा. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसच्या मागे लावला असेल तर पुढचं वाचण्याआधी तो काढा. दहातल्या दोन-तीन दुकानांत मला हेच सापडतं, आणि त्या दिवशी मी चहा पिऊन परत येतो, बिल लावायला लाज वाटते.

प्रिंटर वेगळा असला तरी तो त्याच वायरवर असेल तर गोष्ट अशी घडते: रोलर तापायला लागतो, लाइनचा व्होल्टेज खाली येतो, यूपीएस ‘टक्’ करून बॅटरीवर जातो, आणि बॅटरी मेलेली असेल तर पीसी तिथेच बसतो. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन वर्षं टिकते. तुमची कधी बदलली? लिहिलं नाहीत म्हणजे बहुधा बदललीच नाही. परीक्षा सोपी आहे. सगळी कामं सेव्ह करून बंद करा, एक व्हिडिओ चालू ठेवा, आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटा. पाच मिनिटं पीसी चालला पाहिजे. लगेच विझला तर एक गुन्हेगार सापडला. उलट बाजूनेही बघा: दोन दिवस यूपीएस बाजूला ठेवून पीसी थेट भिंतीवर चालवा. त्रास थांबला तर यूपीएस. मात्र चिपळुणात पावसाळ्यात हे करू नका, दिवसातून दहा वेळा लाइट जाते तिथे निष्कर्ष काय काढणार.

झिणझिण्यांकडे येऊ. एसएमपीएसच्या आत फेजपासून बॉडीला आणि न्यूट्रलपासून बॉडीला असे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांचं काम विजेतला गोंगाट अर्थिंगमध्ये सोडणं. अर्थिंगची वायर जागेवर असेल तर तो जमिनीत जातो. ती तुटलेली असेल तर पत्र्याचं कॅबिनेट २३० व्होल्टच्या मधोमध, म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ, म्हणून माणूस फेकला जात नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण याचा अर्थ स्वच्छ आहे की तुमच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात काही नाही. जुलै २०२१मध्ये बाजारपेठ पाण्याखाली होती. पुरानंतर बहुतेकांनी स्विच-सॉकेट नवे बसवले, पण भिंतीतली वायर आणि मागचं अर्थिंग तेच राहिलं. ‘पहिल्यापासूनच आहे’ याचं कारण हेच असावं, कारण पीसीही पुरानंतरचाच.

अर्थिंग नाही म्हणून पीसी रीस्टार्ट होतोच असं मी म्हणणार नाही. बिनअर्थिंगचे हजारो पीसी चालू आहेत. पण ज्या भिंतीत अर्थिंग गेलं त्या भिंतीत न्यूट्रलचा जोडही सैल असण्याची शक्यता मोठी, आणि सैल न्यूट्रल मात्र पीसीला नक्की पाडतो. म्हणून वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून तीन मापं घ्या. स्वतः सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घालू नका, सवय नसेल तर तो खेळ नाही. फेज-न्यूट्रल साधारण २२० ते २४०. फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच. आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-तीन व्होल्टच्या आत. हे तिसरं माप झेरॉक्स मशीन चालू असताना घ्यायला सांगा. ते वीस-पंचवीसवर उडालं, किंवा पहिलं माप २३०वरून १९०वर आपटलं, तर जोड कुठेतरी जळतोय. तेव्हा पीसी विसरा, आधी तो जोड शोधा, कारण तिथून आग लागते.

समजा भिंत निर्दोष निघाली. आता कॅबिनेटचं झाकण काढायचं, पण त्याआधी विंडोजमध्ये एक टिक काढायची आहे. विंडोज मूळ सेटिंगमध्ये निळी स्क्रीन दाखवून लगेच स्वतःच रीस्टार्ट होतं, त्यामुळे ‘निळी येऊन गेला’ आणि ‘नुसताच विझला’ यात तुमची गल्लत होऊ शकते. स्टार्टमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल (sysdm.cpl) टाइप करा, अ‍ॅडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. यापुढे निळी आली तर ती तशीच थांबेल, मोबाइलवर फोटो काढता येईल. खूण काढूनही पीसी न थांबता सरळ रीस्टार्ट झाला, तर विंडोजला काही म्हणायची संधीच मिळाली नाही. म्हणजे वीज, किंवा विजेसारखंच काहीतरी.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तुमच्या तंत्रज्ञाने ‘कर्नल-पॉवर ४१’ दाखवून बोर्ड गेल्याचं सांगितलं असेल तर त्याला हसून उडवून लावा. ४१चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. हे तुम्हालाही माहीत आहे, तुमच्या डोळ्यांसमोर बंद पडला. खरी माहिती त्याच नोंदीच्या तपशिलात असते. ‘बगचेककोड’ शून्य असेल तर निळी स्क्रीन आलीच नव्हती. शून्य नसेल तर तो आकडा दशमान असतो, त्याची सोळामान पद्धतीत फोड करावी लागते: २९२ म्हणजे १२४, प्रोसेसरने स्वतः नोंदवलेला हार्डवेअरचा बिघाड, २६ म्हणजे १ए, मेमरी, १२२ म्हणजे ७ए, डिस्कवरून वाचताना अडलं, २७८ म्हणजे ११६, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उत्तर देईना. तरी एकाच कोडवर उडी मारू नका. माझा ठोकताळा असा: दर वेळी तोच कोड आणि तेच फायलीचं नाव येत असेल तर ड्रायव्हर पाहा. दर वेळी वेगळाच कोड, आज मेमरी, उद्या डिस्क, परवा आणखी काही, तर हार्डवेअर. आणि त्यात पहिला संशय रॅमवर, दुसरा एसएमपीएसवर. दोनदा फॉरमॅट मारूनही त्रास तसाच राहिला म्हणजे तुमच्याकडे सॉफ्टवेअरचा मुद्दा जवळजवळ संपलाच आहे. तेवढा एक फायदा त्या फॉरमॅटचा झाला म्हणायचा.

एसएमपीएसवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या बाबतीत माझा हात तिथेच जातो. बाजूचं झाकण काढून त्याच्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरांत ४५० असेल, ते सोडून द्या. छोट्या तक्त्यात ‘+१२ व्ही’च्या खाली किती अँपियर लिहिलेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही त्या एकाच ओळीवर जेवतात. ‘४५०’ म्हणवणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर १६ अँपियर लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. आता खर्च मोजा. १६६० सुपर १२५ वॅटचं कार्ड. तुमच्या प्रोसेसरवर ६५ लिहिलंय, पण जोर आला की तो थोडा वेळ १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. बेरीज २५९, म्हणजे साडेएकवीस अँपियर. कोरल ड्रॉ चालवताना दोघांनाही एकदम जोर येत नाही म्हणून चार वर्षं निभावलं. एसएमपीएस म्हातारा झाला, आतले कपॅसिटर सुकले, आणि आता निभत नाही. सुकलेल्या कपॅसिटरची आणखी एक खूण: वीज गेल्यावरही चांगल्या एसएमपीएसने सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरायचा असतो, यूपीएसची अदलाबदल तेवढ्यात उरकते. ट्यूबलाइट नुसती लुकलुकली, मॉनिटर हललासुद्धा नाही आणि पीसी मात्र रीस्टार्ट झाला, तर तो तग संपला आहे.

मल्टिमीटरने मोजायचं तर पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी सगळ्यांचं ग्राउंड. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६. पीसी काम करत असताना मोजा. हिरवी आणि काळी जोडून पंखा फिरवून दाखवणं म्हणजे परीक्षा नव्हे, त्यात फक्त पंखा फिरतो हे कळतं. मोबाइलच्या चार्जरइतका लोड घालून सगळेच पास होतात. आणि मल्टिमीटरने सगळं ठीक दाखवलं तरी एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, कारण त्याच्या व्होल्टेजमधली थरथर मल्टिमीटरला दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो, जो माझ्याकडेही नाही. म्हणून खरी परीक्षा एकच. ओळखीच्या कुणाकडून बऱ्यापैकी ५५० वॅटचा एसएमपीएस दोन दिवस उसना आणायचा.

त्याआधी फुकटातली एक चाचणी आहे. तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ नसेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे. कार्ड काढा, मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागे लावा आणि दोन दिवस काम करा. त्रास गेला तर दोष कार्डात किंवा एसएमपीएसमध्ये. दोघांत कोण, हे यावरून ठरत नाही, कारण कार्ड काढलं की एसएमपीएसचं सव्वाशे वॅटचं ओझंही उतरतं. मग उसना एसएमपीएस लावून कार्ड परत बसवा. तरीही पडला तर कार्ड. चालला तर एसएमपीएस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्यानंतर पीसीला पडायला पुरेसा वेळ द्यायचा. दिवसातून तीनदा पडणाऱ्याला दोन दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा पडणाऱ्याला तीन आठवडे द्यावे लागतात, आणि तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

आता रॅम. तुमच्या तंत्रज्ञाने एक बदलली, म्हणजे आता एक जुनी आणि एक दुसऱ्याच कंपनीची अशी जोडी झाली असणार. चालते, पण संशय वाढवून ठेवलाय. मेमटेस्ट८६ प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घ्या, पीसी त्यावरून सुरू करा आणि दुकान बंद करताना लावून जा. सकाळी लाल ओळ दिसली, एकच का असेना, तर दोष आहे. ‘एवढी एक-दोन चालतात’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, मेमरीत शून्य ही एकच पास होण्याची मार्कं. मग एकेक रॅम एकाच स्लॉटमध्ये लावून बघा. दोष रॅमबरोबर फिरला तर रॅम, स्लॉटलाच चिकटून राहिला तर बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट.

इथे खोडरबराबद्दल बोलायलाच हवं. रॅम काढायची, पिना खोडरबराने घासायच्या, परत लावायची, पीसी सुरू, अडीचशे रुपये द्या. मीही कितीतरी वर्षं हे केलंय. पण सोन्याचा मुलामा पातळ असतो, घासून घासून जातो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आता मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं फडकं वापरतो. आणखी एक: नुसती काढून लावल्यानेही आठवडाभर बरं वाटतं. तेवढ्यावर ‘दुरुस्त झाला’ म्हणू नका. कोकणातल्या खारट, दमट हवेत पिनांवर गंजाचा थर पुन्हा धरतो. त्या स्लॉटमध्ये गंज दिसतोय का ते टॉर्च लावून बघा.

उष्णतेचं मी थोडक्यात आटोपतो, कारण लोक उगाच तिला जास्त दोष देतात. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तुमच्याकडे ती रेषा १०० अंशांची. म्हणजे पीसी आधी रेंगाळतो, पंखा विमानासारखा ओरडतो, आणि मग कधीतरी बंद पडतो. काम झपाझप चालू असताना एकदम विझला तर सहसा उष्णता नव्हे. तरी एचडब्ल्यू-इन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आकडा बघा आणि पंख्याच्या चारही प्लास्टिकच्या खुंट्या बोर्डात पूर्ण गेल्यात का ते बोटाने तपासा. पंखा पुसायला काढला की त्यातली एखादी अर्धीच बसते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर मात्र विश्वास ठेवू नका, १२च्या जागी ८ दाखवणारे बोर्ड मी पाहिलेत आणि ते मजेत चालतात.

डिस्कचा बिघाड वेगळा दिसतो. पीसी विझत नाही, गोठतो. माउस हलतो पण काहीच उघडत नाही, अर्ध्या मिनिटाने सगळं एकदम धावतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ (खराब झालेल्या जागांची मोजणी) या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क चालली. फक्त सी७ (वायरीतून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क ठणठणीत असू शकते, डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदला, स्वस्तात सुटाल.

आणि तुमचा प्रोसेसर दहाव्या पिढीचा आहे हे एक नशीब. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉपवाल्यांना मी सगळ्यात आधी बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगतो. त्यातल्या वरच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे कमजोर पडत होते. इंटेलने २०२४मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टपासून बायॉसमधून येणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच कमजोर झालेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

राहता राहिला बोर्ड. बोर्ड जातो, नाही असं नाही. पण तो सगळे सुटल्यावर उरणारा आरोपी. एका शाळेच्या लॅबमधला पीसी माझ्याकडे आला होता, आधीच्या माणसाने बोर्ड बदलला होता आणि तरीही तो तासातासाला रीस्टार्ट होत होता. रॅम, एसएमपीएस, डिस्क, सगळं बदलून पाहिलं. शेवटी वैतागून बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला, एक रॅम, प्रोसेसर आणि एसएमपीएस, बस्स, आणि पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जोडून सुरू केला. दोन दिवस हलला नाही. कॅबिनेटमध्ये परत घातला की रीस्टार्ट सुरू. दोष पुढच्या रीसेट बटणात होता: प्लास्टिक झिजून ते आत अडकत होतं, पोरांचा बाकाला धक्का लागला की रीसेट. ती दोन पिनांची वायर काढून टाकली, काम झालं. तेव्हापासून मी रीसेटची वायर सगळ्यात आधी काढतो, तुम्हीही काढा. पुठ्ठ्यावरची ही परीक्षा घेतल्याशिवाय बोर्ड गेला असं कुणी म्हणू नये. तिथेही पडला, रॅम आणि एसएमपीएस दोन्ही पारखलेले असतील, तर मग बोर्ड किंवा प्रोसेसर. झाकण उघडलंच आहे तर फुगलेले कपॅसिटर, बोर्डाखाली जास्तीचा पितळी खुंट आणि वाळलेली पाल, हेही बघून घ्या. शेवटचं मी गमतीने लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे मी या क्रमाने जाईन: आज बॅकअप आणि रीसेटची वायर, उद्या यूपीएसचा प्लग उपटून बघणं आणि प्रिंटर वेगळ्या लाइनवर, त्याच दिवशी वायरमन, रात्री मेमटेस्ट, मग कार्ड काढून दोन दिवस. एसएमपीएसच्या लेबलवरचे अँपियर कळवा, म्हणजे कुठला घ्यायचा ते सांगतो. आणि हो, त्या तंत्रज्ञाने काढलेली तुमची जुनी रॅम त्याच्याकडून परत मागून घ्या, ती बहुधा चांगलीच आहे.